तेल, ऊन आणि अक्कांचं नाक

माझ्या सासूबाईंना घरात आणि गावी असोद्यात सगळेच अक्का म्हणतात, म्हणून लग्न होऊन आले तशी मीही अक्काच म्हणायला लागले. या अक्कांशी माझं पहिलं भांडण झालं ते तेलावरून. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी धुळ्याची, नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, डोक्यात नुसती हवा. मे महिना होता. जळगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्या, चिंच असं सगळं वाळत पडलेलं, आणि त्यांच्याच पंगतीला काचेच्या बरण्यांमध्ये शेंगदाण्याचं तेल! घाण्यावरून काढून आणलेलं, वर्षाचं.

मी म्हटलं, "अक्का, तेलाला ऊन दाखवायचं नसतं. खवट होतं."

त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "उन्हाले कोनी नावं ठेवतं का वं? उन्हावर तर आपलं वरीसभराचं घर चालतं."

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. घाण्याचं ताजं तेल गढूळ असतं, दोन दिवस ऊन मिळालं की गाळ खाली बसतो. पण अक्का दोन दिवसांवर थांबतील तर शपथ. आठ दिवस, दहा दिवस बरण्या उन्हात. आणि माझा जळफळाट असा, की तेल कधीही खवट व्हायचं नाही! कारण रोज सकाळी त्या गच्चीवर जायच्या, एकेका बरणीचं झाकण उचलायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या, आणि ज्या दिवशी नाक "पुरे" म्हणेल त्या दिवशी ती बरणी उचलून कोठीच्या अंधारात. बाकीच्या राहू देत. "ऊन किती द्याचं ते नाक सांगतं," हे त्यांचं शास्त्र.

त्या नाकाला तोड नव्हती, हे जिवावर आलं तरी कबूल करते. गल्लीतल्या बायका तुपाची बरणी, खोबऱ्याची वाटी, शेंगदाण्याचा कूट घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. अक्का वास घेऊन दोनच निकाल द्यायच्या, "जितं हाये" किंवा "मेलं." मेलं म्हणजे मेलं, त्यावर अपील नाही. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तिकडे फळ्यावर ऑक्सिडीकरण लिहायची. लोखंडाला गंज चढतो, कापलेलं केळं काळं पडतं, तेल खवट होतं, सगळा खेळ एकाच ऑक्सिजनचा, असं पोरांना घसा फोडून सांगायची. आणि घरी आले की चौथी शिकलेली बाई मला विचारायची, "मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकाले नाक असतं का?" असा संताप यायचा!

या नाकाचा मानाचा दिवस म्हणजे भरिताचा. थंडीत असोद्याच्या शेतात आमच्या भाऊबंदांचा कार्यक्रम असतो, मोजून चाळीसेक माणसं. पांढरट हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर भाजायची, लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचायची, आणि वरून कांद्याच्या पातीची तेलकट फोडणी. तेलकट म्हणजे, पाहुण्याने तेल पाहून डोळे विस्फारले पाहिजेत. पण कढईत तेल पडण्याआधी डबा अक्कांसमोर येतो. त्या वास घेतात, "टाका" म्हणतात, आणि मगच चूल पेटते. मी आले तेव्हापासून हेच, आणि माझ्या आधीही हेच. सासरे गेले, शेताच्या वाटण्या झाल्या, कोणी काही विचारेनासं झालं, तरी त्या एका दिवशी चाळीस माणसं अक्कांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. निवृत्त बाईला घरात काय उद्योग? त्यातच यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तळलेलं कमी करा, भाज्या-फळं वाढवा, एवढंच सांगितलं होतं, पण मी कुठली थांबते. अँटिऑक्सिडंटचं वेडच लागलं मला. हिरवा चहा आणला. तो पिऊन यांचं तोंड एरंडेल पाजल्यासारखं व्हायचं. गोळ्यांची बाटली आणणार होते, तर डॉक्टरच म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा दोन आवळे खा." अक्का शेजारी बसून पदरात तोंड लपवून हसत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "ते अँटी का काय, ते करतं काय नेमकं?"

मला तर शिकवायला कोणी हवंच होतं. मी म्हटलं, "अक्का, तेलाच्या कणात काही जोड ढिले असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे घुसतो. ऊन आणि उष्णता त्याला दार उघडून देतात. एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. असं करत करत सगळं तेल खवट. आपल्या अंगातही तेच. आपल्या पेशींच्या भिंती चरबीच्याच असतात. ज्या ऑक्सिजनवर जगतो, तोच आतून थोडं थोडं कुरतडत असतो. अंग ती डागडुजी रोज करतं, आणि आवळा, लसूण, हळद, पालेभाजी यांतनं त्याला मदत मिळते. अँटिऑक्सिडंट मध्ये उभा राहतो आणि तो मार स्वतः खातो. मग भांडण पुढे सरकत नाही."

"मंग त्यानं म्हातारपन थांबतं?"

"छे! थांबलं असतं तर मी केस रंगवले असते का?"

अक्का खळखळून हसल्या. त्या हसण्याने मला चेव आला. म्हटलं, आता या गच्चीवरच्या तेलाचाही एकदाचा निकाल लावूनच टाकू. मी तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत नुसतं तेल, अर्धी भरलेली, झाकण सैल, ती उन्हात. दुसरीत तसंच तेल पण चार-सहा लवंगा टाकून, तीही उन्हात. तिसरी गच्च भरून, कागदात गुंडाळून कोठीत. तीन आठवडे. या वेळी रोज वास घ्यायचा नाही, हाही नियम केला. नाकाची मदत नाही. निकाल मात्र त्यांच्याच नाकाने द्यायचा, डोळे मिटून. अक्का एवढ्या चटकन तयार होतील असं वाटलं नव्हतं, पण "बरं" म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मी स्वयंपाकघरात तीन वाट्या मांडल्या. उन्हातल्या तेलाचं झाकण काढताच माझंच नाक मुरडलं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. लवंगांचं त्याहून जरा बरं, पण तेही काही फार सुधारलेलं नव्हतं. कोठीतलं मात्र आत्ताच घाण्यावरून आणावं तसं. मनातल्या मनात मी गुढी उभारली. अक्का डोळे मिटून बसल्या. पहिली वाटी, दुसरी, तिसरी. फार वेळ लावला. मग पहिल्या वाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे जितं हाये. बाकीची दोन मेली."

पहिली वाटी उन्हातली होती.

"हरलात! अक्का, हरलात!" मी टाळ्याच वाजवल्या. पस्तीस वर्षांचं भांडण एका वाटीत जिंकलं होतं. अहो, यांना बोलावून सांगितलं, धुळ्याला बहिणीला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठं जग जिंकलं का तू?" मी म्हटलं, हो, जिंकलं!

आणि अक्का वाद घालेनात. तिथे मला काहीतरी खटकलं. अक्का आणि वाद घालत नाहीत? त्या नुसत्या वाटीकडे बघत बसल्या होत्या. मला आठवलं, मागच्या महिन्यात त्या चुलीपाशी बसलेल्या असताना दूध करपलं होतं आणि धूर दिसेपर्यंत त्या उठल्या नव्हत्या. गॅस थोडा चालू राहिला होता तेव्हा मीच धावत आले होते. पावसाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून तर हे नाही ना?

मी काही न बोलता हिंगाची डबी उघडली. हिंग आमचा असा, की डबी उघडली तर शेजारच्या घरातलं कुत्रं शिंकतं. अक्कांना म्हटलं, "डोळे मिटा, अजून एक परीक्षा." डबी नाकाखाली धरली. त्यांचं नाक हललंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, "हे बी तेलच हाये ना?"

माझ्या हातातली डबी मी मिटली आणि खाली बसले.

"कळलं का तुले?" अक्का हळूच म्हणाल्या. "तापापासून काहीच येत न्हाई. ना दुधाचा, ना मोगऱ्याचा. आदी वाटलं सर्दी हाये." मग माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात असा धरल्याचं मला आठवत नाही. "कोनाले सांगू नको वं. घरात मले कोन काय इचारतं? एवढं एक तेल इचारतात. तेबी गेलं तर मी खाटेवरची म्हातारी. कोनाले सांगू नको."

मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, येईल कदाचित, न येईलही, वाट पाहा. मला मात्र माझाच राग आला होता. कशाला टाळ्या वाजवल्या मी? आणि त्या रागातच मी ठरवलं, भरिताच्या दिवशी त्यांचा मान जाऊ द्यायचा नाही.

मग आमचं दोघींचं कट-कारस्थान सुरू झालं. डबा उघडायला मी पुढे होणार, त्या निमित्ताने वास मी घेणार. तेल चांगलं असेल तर काही नाही, खवट असेल तर त्यांचा दंड हलकेच दाबणार. रोज दुपारी यांची वामकुक्षी झाली की आम्ही तालीम करायचो. मी मुद्दाम कधी तूप, कधी रॉकेलची बाटली समोर धरायची, आणि अक्का चेहऱ्यावर असा भाव आणायच्या की नाटकातल्या बाईने शिकावं. रॉकेलवर त्यांनी "टाका" म्हटलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता अक्का म्हणाल्या, "पस्तीस वर्षं कायले भांडलो वं आपन?" मी म्हटलं, "मजा यायची म्हणून." खरं सांगते, ते दोन-तीन महिने माझ्या सासरच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते.

भरिताचा दिवस आला. शेतात वांगी भाजून झाली, सगळ्यांच्या डोळ्यांतून धुराने पाणी, बडजीत ठेचणं चाललेलं. तेल आणायची पाळी त्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांची होती. भाऊजी शेत बघतात, मनाने साखर, पण तोंडाने फटकळ. त्यांनी पाणी प्यायच्या जारसारखा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन आणून ठेवला आणि अभिमानाने म्हणाले, "घरच्या शेंगांचं तेल, अक्का. तू सांगते तसंच केलं. पंपघराच्या ओट्यावर ठेवलं, उन्हाळ्यापासून आजपर्यंत रोज ऊन दाखवलं!"

आमच्या घराण्यात ऊन सगळ्यांनी उचललं होतं, नाक कोणीच नाही. झाकण काढलं आणि मला वास घ्यायला वाकावंही लागलं नाही. मी अक्कांचा दंड दाबला.

अक्कांनी वास घेतल्यासारखं केलं, डोळे उघडले आणि ठणकावून म्हणाल्या, "मेलं. हे टाकाचं न्हाई."

भाऊजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. "असं कसं? नीट पाह्य ना अक्का!"

"पाह्यलं. मेलं."

"तुम्ही दंड दाबला, वहिनी!" भाऊजी माझ्याकडे वळले. "मी पाह्यलं. अक्काचा दंड दाबला तुम्ही. तुमचं ते शास्त्र खरं करायला म्हातारीच्या तोंडून माझं तेल खोटं पाडता? एवढ्या माणसांत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी "बाप रे" म्हटलं. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली होती, आणि मी दहा उत्तरं गिळणारी बाई नाही हे मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा. पण मी शब्द दिला होता. मी मान खाली घालून उभी राहिले. यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं. म्हटलं, म्हणू देत. दोन दिवस म्हणतील, विसरतील.

"म्हंजे खरंच हाये," भाऊजी म्हणाले. "बोलत न्हाईत बघा."

तेव्हा अक्का खाटेवरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

"तिले काही बोलू नको," त्या म्हणाल्या. "मले वास येत न्हाई."

भाऊजींना कळलंच नाही. "काय?"

"तापापासून येत न्हाई. कशाचाच. मीच तिले म्हटलं सांगू नको म्हनून. दंड दाबाचं माझंच डोकं." दंड दाबायचं डोकं माझं होतं, पण त्यांनी तेही स्वतःवर घेतलं. मग चाळीस माणसांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तेल मेलं हे तिचं नाक म्हनतं. आता यापुढं हिले इचारा."

मी रडले. लपवून काय करू? पस्तीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं की हिला विचारा, आणि ऐकलं तेव्हा ते शब्द कोणीतरी परत घ्यावेत असं वाटलं. भाऊजींनी वाकून कॅनमध्ये नाक घातलं, बराच वेळ. "खवट हाये," ते म्हणाले, "मलेबी येतो आता वास. माफ करा, वहिनी." आणि स्वतः मोटारसायकल काढून असोद्याच्या घाण्यावर ताज्या तेलासाठी गेले. ते तेल पुढे त्यांनी बैलगाडीच्या आखाला वापरलं, ते असो.

तेल आलं. डबा माझ्यासमोर आणून ठेवला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी वास घेतला, "टाका" म्हटलं, आवाज पार चिरका निघाला. फोडणी बसली, सगळ्यांची केळीची पानं मांडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. पहिला घास अक्कांनी घेतला आणि ताबडतोब ओरडल्या, "मीठ कोनी टाकलं रे यात? कमी हाये! मीठ जिभेले कळतं, नाकाले न्हाई!"

मीठ मी टाकलं होतं. शेत हसून हसून दुमदुमलं, आणि मला शरमेपेक्षा आनंदच जास्त झाला.

मीठ फिरलं. मी माझं पान घेऊन अक्कांजवळ जाऊन बसले. त्या खात होत्या, पण नुसतं जेवायचं म्हणून जेवावं तसं, चेहऱ्यावर काही नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सांग ना वं. कसा येतो वास?"

आयुष्यभर वास म्हणजे हवेत उडणारे रेणू असं शिकवलं मी. त्यातलं एक अक्षर कामाला येईना. मग मी जे नाकात येत होतं तेच सांगत गेले. "पहिला धूर येतो, अक्का. पऱ्हाटीचा, कोरडा. मग लसूण, जरासा करपलेला. मिरची नाकात चढते. मग कांद्याची पात, आणि शेवटी तेल, दाणे आत्ता भाजल्यासारखं..." अक्कांनी डोळे मिटले. मी बोलत होते तसा त्यांचा घास सावकाश झाला, आणि चेहरा खुलला.

"आनखी," त्या म्हणाल्या.

भाऊजी पान घेऊन समोर येऊन बसले. "वांग्याच्या सालीचा राहिला, वहिनी. जळक्या सालीचा." मागून एक जाऊ म्हणाली, कोथिंबीर. यांनी लिंबाचं सांगितलं. कोणी ओल्या मातीचं, कोणी केळीच्या पानाचं, गरम भरीत पडल्यावर पान कसं वास देतं त्याचं. सगळेच एकदम सांगायला लागले, एकावर एक.

"अरे, एकेक करून बोला ना रे," अक्का तोंडात घास घेऊनच म्हणाल्या, "मले नीट जेवू द्या."